डॉक्टरांचा चौथा प्रश्न

आमच्या डॉक्टरांनी माझी मुलाखत घेतली ती मोसंबीवर.

मी पुण्याहून दोन दिवसांचा प्रवास करून नांदुऱ्याला उतरले होते. पिशवीत नर्सिंगचं प्रमाणपत्र होतं, मेट्रनबाईंचं शिफारसपत्र होतं, आणि त्याच मेट्रनबाईंशी कडाक्याचं भांडण झाल्यामुळे पुण्याला परत जायची सोय नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक मोसंबी आणि एक धारदार पातं माझ्यापुढे सरकवलं.

"वरची साल काढा. आतलं पांढरं फाटता कामा नये. पातळ काढा. आणखी पातळ. अहो, ही साल आहे की खिडकीची झडप?"

मी इरेला पेटले. शेवटी निघालेला तुकडा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून त्यातून स्टेशनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या." मग सगळी मोसंबी एकट्यानं खाल्ली. मला एक फोडही विचारली नाही. मांडीवरची कातडी इतक्याच पातळ पापुद्र्यानं काढून भाजलेल्या जागेवर लावतात, हे मला त्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. मोसंबी मात्र मला आजही सरळपणे सोलता येत नाही.

दवाखाना म्हणजे रेल्वे फाटकाजवळचं सरकीचं जुनं गोदाम. चुना मारला होता, फरशी घातली होती, तरी वारा सुटला की कुठून तरी कापसाचा पुंजका तरंगत यायचा आणि मी त्याच्यामागे झाडू घेऊन धावायची. महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावातली म्हातारी माणसं अजून नागपूरलाच राजधानी समजायची आणि मी पुण्याची म्हटल्यावर मला परदेशातून आल्यासारखी चहा पाजायची.

डॉक्टर जिल्ह्यातलेच, शेतकऱ्याघरचे. नागपूरला शिकले, मग लष्कराच्या इस्पितळात राहून तुटकंफुटकं माणूस पुन्हा जुळवायची विद्या शिकले. मुंबईत दवाखाना टाकला असता तर बंगला झाला असता, असं त्यांचे सगळे नातेवाईक एका सुरात सांगत. डॉक्टर म्हणत, "कान फाटतात इथी, हात भाजतात इथी, अन् म्या मुंबईले जाऊन काय करू? समुद्र शिवू?"

लोकांची नाकं नीट करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाक मात्र पाहण्यासारखं होतं. लहानपणी हुतूतूत कुणाचा तरी गुडघा लागून ते उजवीकडे वळलं होतं आणि तिकडेच स्थायिक झालं होतं. नवा पेशंट आधी त्या नाकाकडे बघायचा, मग दाराकडे. कुणी धीर करून विचारलंच, की डाक्टरसाहेब, तुमचंच काऊन नाही नीट केलं, तर ते चष्मा काढून पुन्हा लावून दाखवायचे. "श्वास येते. चष्मा टिकते. आनखीन काय पाह्यजे? याच्यावर स्वयंपाक करतं का कोनी?"

पण त्यांची खरी कीर्ती परीक्षेची होती. हो, परीक्षा. जिल्ह्यात आणखी कुठल्या दवाखान्यात पेशंट नापास होत असतील असं मला वाटत नाही. आमच्याकडे व्हायचे, आणि भराभर व्हायचे.

रीत अशी होती. पेशंट आला की डॉक्टर आधी त्याला त्याचं ऑपरेशन समजावून सांगायचे. तेही तोंडानं नाही. रोज सकाळी मला कणीक भिजवावी लागे. त्या कणकेचे कान व्हायचे, नाकं व्हायची, ओठ व्हायचे, आणि डॉक्टर त्यांच्यावर खरोखर सुरी चालवायचे, खरोखर टाके घालायचे. व्हरांड्यात बसलेल्या बायका मला विचारायच्या, "बाई, आज पोया हायेत का आप्रेशन?" आखडलेल्या व्रणासाठी कणीक चालत नसे, तिथं फडकं लागे. ताणून धरलेल्या फडक्यावर नागमोडी काप घेऊन त्याची टोकं एकमेकांच्या जागी शिवली की फडकं सैल पडतं, ते दाखवताना डॉक्टरांना इतका आनंद व्हायचा की ते तीन-तीनदा दाखवायचे. माझे दोन चांगले टॉवेल त्यात गेले.

समजावून झालं की पेशंटला घरी पाठवायचं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी बोलवायचं. मग चार प्रश्न. मी काय करनार? तुकडा लागला तं कुठून आननार? झाल्यावर कसं दिसन? आणि चौथा, डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून विचारायचे तो: "आप्रेशननं काय होनार नाही?"

चारही जमले तर पास. एक चुकला तरी, "पुढच्या बाजारी या."

मेहकरकडची एक बाई आली होती, मोठ्या घरची. जड बाळ्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या फाटून दोन-दोन लोंबत्या शेंगा झाल्या होत्या. तिनं डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून धडाधड उत्तरं दिली. "नुसतं शिवशीन तं जुयनार नाही, कारन भेगीले आतून कातडी आली हाय. तू दोन्ही कडा सोलशीन, ताज्या करशीन, मंग टाके घालशीन. तुकडा कुठूनच आननार नाही, माहा कान मले पुरते. बारीक रेघ राहीन. भोक लगेच नाही पाडायचं, टाके मुरू द्यायचे, अन् मंग जुन्या जागेच्या बाजूले."

"अन् काय होनार नाही, माय?"

"माही अक्कल वाढनार नाही. पुन्हा तशाच जड बाय्या कानात घातल्या तं पुन्हा फाटन."

डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईला त्यांनी मूठभर खडीसाखर दिली. माझ्या डब्यातली.

कापसाचे एक शेठ होते. त्यांना पोट नको होतं. डॉक्टरांनी तपासायच्या टेबलावरची गादीच उसवली. "हे पहा शेठ. खालून अशी लांब चीर. जास्तीचा कापूस काढायचा, जास्तीची खोळ कापायची, उरलेली ताणून शिवायची. बेंबी वरच राहते, तिच्यासाठी खोळीला नवं घर कापायचं. आडवा व्रण राहतो, इकडून तिकडपर्यंत, धोतराच्या आत." शेठजींनी एवढं सगळं ऐकलं आणि त्यातली फक्त बेंबी लक्षात ठेवली. पुढच्या खेपेला तीनही प्रश्नांना ते बेंबीबद्दलच बोलले. चौथ्याला म्हणाले, "भूक लागनार नाही."

डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "शेठ, भूक लागीन. अन् तुम्ही खासान. अन् गादी पुन्हा भरीन." शेठ नापास झाले, पण राग नाही. उलट गावभर सांगत हिंडले, की डाक्टरनं माही बेंबी वाचोली.

एक शिक्षिका झालेली मुलगी कपाळावरचं गोंदण काढायला आली होती. शाळेतल्या नव्या बाई हसतात म्हणाली. डॉक्टर म्हणाले, काढतो, पण गोंदण कातडीच्या आत उतरलेलं असतं. तेवढी कातडी काढावी लागेल आणि तिथं व्रण येईल. गोंदण हिरवं, व्रण पांढरा. तुला कोणता रंग शोभतो? मुलीनं माझा आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि परीक्षा न देताच हसत निघून गेली. 'डाग पुसायचं रबर माझ्याकडे नाही' हे डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य होतं. व्रण हलवता येतो, बारीक करता येतो, सुरकुतीत लपवता येतो, घालवता येत नाही. दिवसातून दहादा म्हणायचे. मला झोपेतही ऐकू यायचं.

परीक्षा म्हटली की शिकवणी आलीच. फाटकापलीकडे रशीदचाचांचं चहाचं हॉटेल होतं. बसमधून उतरलेला पेशंट आधी तिथं चहाला थांबायचा, आणि चाचांनी हळूहळू तिथं वर्गच सुरू केला. भज्यांच्या पिठाचे कान करून ते पेशंटांना घोकवून घ्यायचे. "भाई, पैले काय विचारतीन? मंग तू काय सांगशीन? जोरानं बोल, डाक्टरसाबले मिनमिन चालत नाही."

गोची अशी झाली, की चाचांच्या पहिल्या विद्यार्थ्याची कातडी डाव्या मांडीवरून काढलेली होती. त्यामुळे चाचांच्या वर्गात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायमचं 'डावी मांडी' झालं. अमडापूरचा एक गडी फाटका कान घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, "तुकडा कुठून आननार?" गडी ठणठणीत आवाजात म्हणाला, "डाव्या मांडीतून!" आणि धोतर सोडायला लागला.

"अरे थांब बावा, थांब! कानाले मांडी कायले?"

"मंग कोनाले लावता?"

मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले. त्या आठवड्यात नाकवाला, कानवाला, पापणीवाला, जो येईल तो डावी मांडी पुढे करू लागला, तेव्हा डॉक्टर तडक चाचांच्या हॉटेलात गेले. मला वाटलं आता बंद पडणार हे दुकान. जाऊन पाहते तर डॉक्टर बाकावर उकिडवे बसलेले, हात कोपरापर्यंत बेसनात, आणि चाचांना सांगताहेत की कातडी कुठून घ्यायची हे जागेवर ठरतं, चेहऱ्याला कानामागची बरी कारण रंग जुळतो, आणि जिथून घेतली तिथं खालच्या थरातून पुन्हा येते. चाचा माना डोलवत होते. मधेच म्हणाले, "साब, हे सगळं ठीक. पन तुमचा चौथा सवाल लय वांधा करते. मानूस आस लावून येते, अन् तुम्ही त्याच्या तोंडातूनच आस काढून घेता."

डॉक्टर उठले. बेसनाचे हात धुऊन परत आले.

त्या प्रश्नामागचं कारण मला ठाऊक होतं. मी यायच्या आधी त्यांच्याकडे एक बाई आली होती, भाजून हनुवटी गळ्याला चिकटलेली. नवरा तिला माहेरी टाकून गेला होता. डॉक्टरांनी जीव ओतून ते चिकटलेलं सोडवलं, कातडी लावली, मान मोकळी केली. आधी तिला म्हणाले होते, काळजी करू नको, सगळं ठीक होईन. नवरा काही आला नाही. ती पुन्हा दाखवायला आली तेव्हा म्हणाली, "डाक्टर, मान तं वर झाली. आता वर करून पाहू कोनाकडं?" हे मला सांगताना डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते. चौथा प्रश्न त्या दिवसापासूनचा.

आणि मग आला किसना.

अमडापूरचा. विशीतला, उंच, तोंडावर सदा रुमाल. रुमाल काढला तर वरचा ओठ डाव्या बाजूनं थेट नाकपुडीजवळपर्यंत दुभंगलेला. टाळू शाबूत होती, हे डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं आणि खूश झाले. किसनाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई. लग्नात, जत्रेत, देवळात, सगळ्या पंचक्रोशीत यांचीच. पण सनईच्या पात्यावर ओठ घट्ट मिटावे लागतात, आणि किसनाचा ओठ मिटतच नव्हता. बोटं बापासारखी, कान बापापेक्षा बरा, आणि हातात काय, तर डफडं. लहानपणापासून बापाच्या मागे चालत डफडं बडवत होता.

बाप आता थकला होता. पुढचे दात हलायला लागले होते. त्यानं सांगून टाकलं होतं, की सनई घरात बंद ठेवता येत नाही, तुळशीच्या लग्नापासून ती जावयाला देणार. तोवर किसनाला जमलं तर किसनाची. नाही तर जन्मभर भावजीच्या मागे डफडं.

"मायनं गरोदरपनी गिरानात भाजी चिरली, म्हनून असं झालं," किसना म्हणाला. गिरान म्हणजे ग्रहण.

डॉक्टर व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पोटात असताना ओठाचे भाग दोन्हीकडून येतात अन् मधात जुयतात! याचे जुयाचे राह्यले! भाजीचा काही संबंध नाही! जाऊन याच्या मायले सांगा!" मग आत येऊन शांतपणे कणकेचा ओठ करायला बसले.

किसना पहिले तीन प्रश्न असे बोलला की मीही ऐकत राहिले. भेगेच्या कडा कुठं कापणार, आतलं अस्तर, मधलं मांस आणि वरची कातडी अशी तीन वेळा शिलाई कशी, ओठाची तांबडी कड एका केसानंही वरखाली होता कामा नये, रेघ राहील, ती आधी लाल आणि मग पांढरी. दोरा घेऊन कणकेवर करूनही दाखवलं.

"अन् काय होनार नाही?"

किसना गप्प.

डॉक्टरांनी त्याला पूर्वीच सांगितलं होतं. मी ओठ देईन, सनई देता येत नाही. व्रण ताठर राहतो. डावीकडून हवा सुटेलच असं नाही आणि सुटणार नाही असंही नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की 'सनई वाजेलच असं नाही' हे किसनानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं.

"पुढच्या बाजारी ये," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या बाजारी तो आला. तीन प्रश्न चोख, चौथ्याला गप्प. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. दसरा जवळ आला. किसनाचे डोळे खोल गेले आणि डॉक्टरांची चिडचिड वाढली. माझ्यावर, कणकेवर, चष्म्यावर. शेवटी मीच त्याला व्हरांड्यात गाठलं. "अरे बाबा, एक वाक्य आहे. म्हणून टाक ना! मनात नसलं तरी म्हण!"

"शिस्टर, मले म्हनता येत नाही."

"काऊन?" मला तोवर वऱ्हाडी चढली होती.

तो वर आढ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वास्तू तथास्तु म्हनते."

घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष ऐकत असतो आणि नेमकं त्याच वेळी 'तथास्तु' म्हणतो, हे आम्हाला पुण्यातही शिकवलं होतं. पण मी ते आईसमोर सोडून कुठं पाळलं नव्हतं. हा माणूस त्यापायी आपली सनई घालवायला बसला होता. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं ते भडकतील, ग्रहणासारखं एक भाषण व्हरांड्यात होईल. ते खुर्चीत मागे टेकले आणि नाक चोळत बसले.

"माही माय तोंडावर चापट मारे," ते म्हणाले. "घरात 'नाही' म्हनलं तं. डब्यात पीठ नसलं तरी 'पीठ वाढलं' म्हनाचं." मग एकदम उठले. "वास्तूची अडचन हाय ना? मंग वास्तू नाही तिथी बोलू!"

आणि जी वरात निघाली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे डॉक्टर, मागे किसना, त्यामागे मी, आणि मागे व्हरांड्यातले सगळे पेशंट, कान बांधलेले, हात झोळीत घातलेले, एक म्हातारा तर अर्धी दाढी तशीच ठेवून. व्हरांडा नको, वर कौलं होती. चाचांचं हॉटेल नको, वर पत्रा होता. चाचाही पळीसकट निघाले. लिंबाखाली डॉक्टर थांबले तर किसना म्हणाला, "झाडाले बी जीव हाय, साहेब." अमडापूरचा तो डाव्या मांडीवाला टाके काढायला आलेला होता, तो म्हणाला, "हाव, झाड बी आयकते." अशी सगळी मिरवणूक रेल्वेच्या कुंपणापाशी मोकळ्या मैदानात आली. वर आभाळ, खाली माती, वास्तूचा पत्ता नाही.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं.

किसनानं चारही दिशांना पाहिलं. त्याला पळवाट उरली नव्हती.  मला त्याची इतकी दया आली की मी डॉक्टरांना थांबवायला पुढे झाले. पण डॉक्टर प्रश्न विचारतच नव्हते. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते, पुन्हा रुळांकडे पाहत होते. तेवढ्यात कापसाच्या गाठी भरलेली मालगाडी आली. इंजिन अगदी आमच्यासमोर येऊन किंचाळलं, आणि त्या क्षणाला डॉक्टर ओरडले, "काय होनार नाही?"

डबे धडधडत राहिले. किसना डॉक्टरांकडे बघत राहिला. मी त्याच्या समोर उभी होते. त्याचा ओठ हलला नाही.

शेवटचा डबा गेला. "आयकलं," डॉक्टर म्हणाले. "पास!"

लोकांनी काय गलका केला! चाचांनी पळी आभाळात उडवली. परत येताना मी डॉक्टरांना गाठलं. "तो बोलला नाही. मी पाहिलंय. तुम्ही शेठना सोडलं नाहीत, आणि याला सूट?"

"सिस्टर, तुम्ही पुण्याच्या. तुम्हाला वऱ्हाडी ऐकू येत नाही." मग चार पावलं गेल्यावर गंभीर झाले. "चौथं उत्तर त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं. येत नसतं, तर म्हणायला एवढा कशाला भ्याला असता?"

ऑपरेशन जागेपणीच झालं, ओठ बधिर करून. डॉक्टरांनी बारीक काडीनं निळ्या शाईचे ठिपके घेतले, मोजले, पुसले, पुन्हा घेतले. एरवी टेबलावर ते अखंड बोलायचे, पेशंटला त्याच्याच ऑपरेशनचं धावतं वर्णन ऐकवायचे. त्या दिवशी एक शब्द नाही. मी त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होते. मधलं मांस शिवताना त्यांनी तीन टाके पुन्हा काढले आणि पुन्हा घातले, इतकंच.

टाके निघाले. किसनाला ओठ आला. जरा ताठ, लालसर रेघेचा, पण पुरा ओठ. त्यानं आरशात पाहिलं आणि पहिलं काही केलं असेल तर 'माय' म्हणून पाहिलं. म चांगला मिटला. मी आणि डॉक्टर दोघंही उगाच कामात असल्यासारखे इकडेतिकडे फिरलो.

फुंकायला डॉक्टरांनी बरेच दिवस मनाई केली होती. ती संपली तेव्हा बाप सनई घेऊन आला. व्हरांड्यात सगळे श्वास धरून बसले. किसनानं पातं ओठात धरलं आणि फुंकलं. डावीकडून फुर्र करून हवा निघून गेली. पुन्हा फुंकलं. फुर्र. तिसऱ्यांदा एक चिरका आवाज आला आणि तोही मधेच बसला. कुणी हसलं नाही, हे त्या व्हरांड्याचं मोठेपण. बापानं सनई हळूच काढून घेतली, फडक्यात गुंडाळली. दोघं नमस्कार करून गेले. डॉक्टर आतल्या खोलीत दाराआड उभे होते. बाहेर आलेच नाहीत.

तुळशीचं लग्न झालं. किसनाची काही खबर नाही. चाचा बसमधल्या माणसांना विचारायचे, कुणाला काही ठाऊक नसायचं. डॉक्टर आठवडाभर येईल त्याला परीक्षा न घेताच परत पाठवत होते. एकदा मी पाहिलं, तर कणकेचा ओठ करून त्यात पेन्सिल खुपसून डावी बाजू निरखत बसले होते.

मग लग्नसराईतली ती सकाळ. टेबलावर कान फाटलेली एक आजी, पाळी बधिर केलेली. डॉक्टर हात धुऊन, हातमोजे घालून, दोन्ही हात छातीपुढे वर धरून उभे. आता कशालाही हात लावायचा नाही. मी पातं देणार, एवढ्यात रस्त्यावरून सनई आली.

वरात फाटकाशी अडकली होती. गाडी यायची होती, फाटक बंद. सनई काही फार थोर नव्हती. मधेच एक सूर फाटत होता, पण फाटला की लगेच पुन्हा पकडला जात होता, आणि पकडला की अशी काही मस्ती करत वर चढत होता की माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. दोघंही दाराकडे धावलो.

किसनाच होता. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर एक बोट दाबून धरलेलं. सनईची खालची भोकं उरलेल्या बोटांनी सांभाळत होता. इतके दिवस घरात बसून त्यानं ती तऱ्हा शोधली होती; बापानं तेवढ्यासाठी सनई जावयाला द्यायची थांबवली होती. आणि त्याच्यामागे, पुढचे दात नसलेला त्याचा बाप, हसत हसत डफडं वाजवत होता.

"मी चुकलो!" डॉक्टर ओरडले. "आईशप्पत, मी चुकलो!" आणि रस्त्यात उतरून नाचायला लागले. मोजे घातलेले दोन्ही हात तसेच वर, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून कोपरं बाजूला, आणि खाली पाय मात्र मोकाट सुटलेले. वरातीतल्या लोकांना वाटलं हीच इथली नाचायची पद्धत. पाच-पंचवीस माणसं हात वर करून तशीच नाचायला लागली. रशीदचाचा नाचले. आजी एका हातानं कानावरचं फडकं धरून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाचू द्या, मले घाई नाही." किसनानं डोळे उघडले, डॉक्टरांना पाहिलं, आणि न थांबता सूर आणखी वर नेला. कुणीतरी डॉक्टरांच्या दोन्ही गालांना, वाकड्या नाकाला, मोज्यांना मूठभर गुलाल फासला.

गाडी गेली. फाटक उघडलं. वरात पुढे निघून गेली.

मी त्यांना दंडाला धरून आत आणलं, गुलालाचे मोजे ओढून काढले आणि नळाखाली हात धरायला लावले. ते गुलालात रडत होते, उघडउघड, लहान मुलासारखे.

"सिस्टर," ते म्हणाले, "त्यानं त्या दिवशी मैदानात ते वाक्य म्हटलं असतं, तर?"

"हात नीट धुवा," मी म्हटलं. माझी नजर वर आढ्याकडे गेली. "नखांपासून. आजी वाट बघतेय."